वरच्या वाद्यांचं संगीत ट्युबावर: किती खाली उतरायचं आणि कसं

ट्युबा हे पितळी वाद्यांतलं सर्वांत खर्जाचं वाद्य, आणि त्याचा जन्म उशिराचा. विल्हेल्म वीप्रेख्ट आणि योहान गॉटफ्रीड मोरित्झ यांनी बर्लिनमध्ये बास ट्युबाचं पेटंट घेतलं ते १२ सप्टेंबर १८३५ रोजी. तोवर बाखला जाऊन पंच्याऐंशी वर्षं झाली होती आणि मोत्सार्टला चव्वेचाळीस होत आली होती. व्हॉन विल्यम्सचा ट्युबा कन्चेर्टो १९५४ चा, हिंडेमिटचा ट्युबा सोनाटा १९५५ चा. म्हणजे ज्या काळातल्या चाली वाजवायची आपल्याला हौस असते, त्या काळात आपलं वाद्यच नव्हतं. मग उसनवारीला पर्याय नाही. चेलोकडून घ्या, हॉर्नकडून घ्या, बासरीकडून घ्या, गायकाकडून घ्या.

उसनवारी सोपी वाटते, पण मला पहिल्याच दिवशी तिचा झटका बसला. मी क्लॅरिनेटचा कागद स्टँडवर ठेवला, स्वर दिसले तसे, फक्त दोन सप्तकं खाली वाजवायला लागलो. पियानोवर बसलेल्या मैत्रिणीने दुसऱ्या बारलाच हात उचलले. ती सुरात होती, मी सुरात होतो, दोघांत एका स्वराचं अंतर होतं. क्लॅरिनेटचा कागद बी♭ (बी फ्लॅट) वाद्याचा असतो, म्हणजे कागदावरचा सी प्रत्यक्षात एक स्वर खाली, बी♭ ऐकू येतो, हे मला माहीत होतं. हाताला ते माहीत नव्हतं.

या लेखात मी स्वराच्या नावापुढे सप्तकाचा आकडा लिहिणार आहे. मिडल सी म्हणजे सी४. त्याच्या दोन सप्तकं खालचा सी म्हणजे सी२, जो बास क्लेफमध्ये पाच रेघांच्या खाली दुसऱ्या लेजर लाइनवर, म्हणजे जादा आखलेल्या छोट्या रेघेवर बसतो. (क्लेफ म्हणजे कुठली रेघ कुठल्या स्वराची ते सांगणारं चिन्ह: बास खालच्या स्वरांसाठी, ट्रेबल वरच्या.)

आधी आपल्या वाद्याची खरी ओळख

ट्युबा चार पट्ट्यांत मिळतो: बी♭, सी, ई♭ आणि एफ. बी♭ ट्युबाची नळी साधारण अठरा फुटांची, एफची साधारण बारा. ऑर्केस्ट्रात आणि कॉन्सर्ट बँडमध्ये चौघांचाही कागद बास क्लेफमध्ये, ऐकू येईल त्याच पट्टीत लिहिलेला असतो. बदलतात ती बोटं. ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडमध्ये मात्र ई♭ आणि बी♭ ट्युबा ट्रेबल क्लेफ वाचतात, ट्रंपेटसारख्याच बोटांनी. तुम्ही त्या वाटेने आला असाल तर पुढच्या कामातला अर्धा भार तुमच्या खांद्यावरून उतरलाच आहे.

कुठल्या स्वरापासून कुठल्या स्वरापर्यंत वाजतं ते विसरा, कुठे गातं ते बघा. माझा अनुभव सांगतो: बी♭ ट्युबा बी♭१ पासून एफ३ पर्यंत गातो. त्याच्या वर बी♭३ पर्यंत जाता येतं, पण चाल तिथेच मुक्काम ठोकून बसली की ओठ अर्ध्या पानात बसतात. शिवाय वर जाल तसे उघड्या व्हॉल्व्हचे, म्हणजे एकही कळ न दाबता निघणारे स्वर जवळजवळ येतात. खाली बी♭१ आणि एफ२ मध्ये पाचवीचं, म्हणजे सा ते प इतकं अंतर असतं. बी♭३ च्या वर शेजारचा स्वर एकाच पायरीवर उभा असतो. नेम जरा चुकला की भलताच स्वर फुटतो. एफ ट्युबाचा गाता टप्पा जरा वर, एफ२ ते सी४ धरा. हातात काय आहे त्यावर पुढचे सगळे निर्णय अवलंबून आहेत, तेव्हा आधी एक संध्याकाळ बसून आपला गाता टप्पा कागदावर लिहून काढा. फुशारकी नको, थकल्यावरही जो टप्पा गोड वाजतो, तोच लिहायचा.

किती सप्तकं खाली

सगळ्यात मोठा निर्णय हाच. बहुतेक जण तो घेतच नाहीत, हाताला सोयीचं पडेल त्या सप्तकात वाजवायला लागतात.

पेन्सिल घ्या. रचनेतला सर्वांत वरचा स्वर आणि सर्वांत खालचा स्वर गोल करा. मग तिसरी खूण करा, तीच महत्त्वाची: चाल जास्त वेळ कुठे राहते? वरचा स्वर एकदाच, क्षणभर येत असेल तर तो सोसता येतो. पण बासरीची चाल डी५ ते डी६ या पट्ट्यात राहत असेल, तर दोन सप्तकं खाली आणल्यावर ती डी३ ते डी४ मध्ये येते, आणि बी♭ ट्युबासाठी ते पूर्ण पानभर शीर्षासन आहे. तीन सप्तकं खाली आणा, डी२ ते डी३ मिळेल आणि वाद्य हसायला लागेल. तीच चाल एफ ट्युबावर दोन सप्तकं खाली, नीट तयारी करून, छान होते.

ढोबळ हिशेब असा. ट्रंपेट आणि क्लॅरिनेटसाठी बहुधा दोन सप्तकं. ट्रंपेटचा लिहिलेला सी४ ते जी५ हा टप्पा ऐकू येतो बी♭३ ते एफ५. दोन सप्तकं खाली तो बी♭१ ते एफ३ होतो, म्हणजे बी♭ ट्युबाचा नेमका गाता टप्पा. ओबो आणि व्हायोलिनसाठी दोन, कधी तीन. बासरीला दोन किंवा तीन. हॉर्नला एक. आल्टो सॅक्सोफोनला एक किंवा दोन. चेलो, बासून आणि ट्रॉम्बोनचं संगीत कधी आहे तिथेच, कधी एक खाली.

खाली जायची किंमत मोजावी लागते, आणि ती आकड्यांत दिसते. मिनिटाला १२० मात्रा अशा लयीत एक सोळावा स्वर, म्हणजे पाव मात्रेचा, सेकंदाचा आठवा भाग टिकतो. ट्रंपेटच्या बी♭३ ची सेकंदाला सुमारे २३३ कंपनं, म्हणजे त्या सोळाव्यात २९ कंपनं बसतात. तोच स्वर बी♭१ वर आणला की सेकंदाला ५८ आणि त्या सोळाव्यात जेमतेम सात. सात कंपनांत कानाने स्वर ओळखायचा, त्यात सुरुवातीची एक-दोन नळी जागी होण्यातच जातात. म्हणून खर्जातली जलद तान ऐकणाऱ्याला गडगडाट वाटते, वाजवणाऱ्याची बोटं कितीही स्वच्छ असोत. तान जितकी जलद तितकं सप्तक वरचं. चाल जितकी संथ तितकं खाली जायला मोकळीक.

सगळी रचना एकाच सप्तकात बसत नसेल तर घडी घाला, पण घडी सांध्यावरच पडली पाहिजे. जिथे चाल थांबते, विराम आहे किंवा मूळचीच मोठी उडी आहे, तिथे सप्तक बदला. पायरीपायरीने चढणाऱ्या ओळीच्या मधोमध बदललंत तर एका पायरीची जागा सातवीची खाली उडी घेते आणि चालीचा कणाच मोडतो. उत्कर्षाचा स्वर शक्यतो वरच ठेवा. अख्खं पान सोयीने खाली आणा, पण ज्या एका स्वरासाठी संगीतकाराने सगळी चढण रचली, तो खाली पाडू नका.

कागद कुठल्या वाद्याचा

आता वाचायचा प्रश्न. एकट्याने रियाझ म्हणून वाजवत असाल तर दिसेल ती पट्टी वाजवा, कोणाचं काही बिघडत नाही. साथीला कोणी असेल तर मात्र ऐकू येणारी पट्टी जुळलीच पाहिजे. संगणकावर म्युझस्कोअरसारख्या मोफत प्रणालीत स्वर भरून पट्टी बदलणं सोपं आहे, आणि अवघड रचनेसाठी मीही तेच करतो. पण सरळ कागदावरून वाचता येण्याची मजा वेगळी. क्लेफ बदलून वाचण्याच्या काही युक्त्या इथे देतो. एकेक आठवडाभर घोळवा.

बासरी, ओबो, व्हायोलिन, म्हणजे दिसतं तेच ऐकू येणारा ट्रेबल क्लेफ. प्रत्येक स्वर मनातल्या मनात एक रेघ खाली सरकवा, रेघेवरचा रेघेवर आणि मधल्या जागेतला मधल्या जागेत, आणि बास क्लेफ म्हणून वाचा. ट्रेबलच्या तळाच्या रेघेवर ई४ आहे. एक रेघ खाली, म्हणजे पहिली लेजर लाइन, बास क्लेफमध्ये ई२. आपोआप दोन सप्तकं खाली! शार्प-फ्लॅट (अर्धा स्वर वर किंवा खाली नेणाऱ्या खुणा) जसेच्या तसे. यासारखी सरळ युक्ती दुसरी नाही.

ई♭ वाद्यं, म्हणजे आल्टो सॅक्सोफोन, ई♭ क्लॅरिनेट, ई♭ आल्टो हॉर्न. इथे स्वर हलवायचेच नाहीत. ट्रेबल क्लेफ खोडून तिथे बास क्लेफ आहे असं समजा आणि की सिग्नेचरमध्ये, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या शार्प-फ्लॅटच्या खुणांत, तीन फ्लॅट वाढवा. आल्टो सॅक्सचा लिहिलेला सी४ ऐकू येतो ई♭३. तुम्ही त्याच जागेवर ई♭२ वाचता. एक सप्तक खाली, पट्टी बरोबर. कागदावर एक शार्प असेल तर तुमच्यासाठी दोन फ्लॅट. मधेच येणाऱ्या शार्प-नॅचरलचं मात्र भान ठेवा: बास क्लेफमध्ये वाचताना जे स्वर बी, ई किंवा ए म्हणून येतात, त्यांच्यापुढचं चिन्ह अर्धा स्वर उतरवून घ्यायचं. कागदावर शार्प दिसला तर तुम्ही नॅचरल वाजवा, नॅचरल दिसला तर फ्लॅट. बाकीच्या चार स्वरांपुढची चिन्हं दिसतील तशी.

ही युक्ती मोत्सार्टच्या हॉर्न कन्चेर्टोंना अशी चपखल बसते की पहिल्यांदा कळल्यावर मी एकटाच हसलो. के. ४१७, ४४७ आणि ४९५ (हे मोत्सार्टच्या रचनांच्या यादीतले क्रमांक) हे तिन्ही ई♭ मेजरमध्ये आहेत, आणि ते मुळात ई♭ हॉर्नसाठी, बिनाफ्लॅटचे, सी मेजर असल्यासारखे लिहिलेले आहेत. तो मूळ पद्धतीचा कागद मिळवा, बास क्लेफ समजा, तीन फ्लॅट धरा: हॉर्नच्या बरोबर एक सप्तक खाली, पियानोच्या पट्टीत. हल्लीच्या बऱ्याच आवृत्त्यांत एफ हॉर्नचा कागदही जोडलेला असतो. त्याला ही युक्ती लावलीत तर पुन्हा माझ्यासारखा प्रसंग ओढवेल. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

बी♭ वाद्यं, ट्रंपेट आणि क्लॅरिनेट. इथे टेनर क्लेफ कामाला येतो, आणि दोन फ्लॅट वाढवायचे. लिहिलेल्या सी४ च्या जागी टेनर क्लेफमध्ये बी येतो, फ्लॅट धरला की बी♭२. हे ट्रंपेटच्या एकच सप्तक खाली असल्यामुळे वाचून पुन्हा एक सप्तक उतरावं लागतं, म्हणून मला ही युक्ती जरा आडवळणाची वाटते. बी♭ ट्युबा ट्रेबल क्लेफच्या बोटांनी वाजवता येत असेल तर सगळंच सरळ: ट्रंपेटचा कागद दिसेल तसा वाजवा, ऐकू येईल ते बरोबर दोन सप्तकं खाली. तसंच ई♭ ट्युबावर त्याच बोटांनी आल्टो सॅक्सचा कागद एक सप्तक खाली येतो आणि एफ ट्युबावर एफ हॉर्नचा. ट्रेबलची बोटं शिकून घ्यायला हे एक कारण पुरेसं आहे.

बी♭ किंवा सी ट्युबावर एफ हॉर्नचा कागद? हाताने लिहून काढा. मेझो-सोप्रानो क्लेफ शिकत बसण्यापेक्षा तासाभराचं लिखाण परवडतं, आणि लिहिताना चाल पाठ होते ती वेगळीच.

युक्ती कोणतीही असो, वाजवण्यापूर्वी पियानोवर पहिला स्वर तपासून घ्या. दहा सेकंदांचं काम.

पट्टी बदलायची का

व्हायोलिनवाल्यांना डी, ए, ई मेजर आवडतात, कारण त्यांच्या तारा तशा लावलेल्या असतात. बी♭ ट्युबावर ई मेजर म्हणजे व्हॉल्व्हची कसरत आणि दुसऱ्या-तिसऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीचे न थांबणारे फेरे. एकट्यासाठीची रचना असेल तर बिनदिक्कत अर्धा स्वर हलवा, ई ची ई♭ करा. साथ असेल तर साथीचा कागदही बदलावा लागेल, आणि तो खटाटोप करण्यासारखा आहे का ते तुम्हीच ठरवा. माझं मत: हळू चालींसाठी पट्टी बदलू नका, शिकून घ्या. जलद चालींसाठी लाज न बाळगता बदला.

स्वामित्वहक्क संपलेल्या रचनांना वाटेल तसं वाकवता येतं. अलीकडच्या संगीतकाराची रचना स्वतःसाठी वाजवणं वेगळं. तिचं रूपांतर करून छापायचं किंवा वाटायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते.

दम

आता खरी अडचण. ओबोवाल्याकडे हवा उरते. रीडची फट इतकी बारीक की नवा श्वास घेण्याआधी त्याला जुना सोडावा लागतो. चेलोवाल्याला तर श्वासाचा प्रश्नच नाही. आपल्याकडे उलटं: खर्जात जोर लावला की छाती भरून घेतलेला श्वास काही सेकंदांत संपतो. त्यामुळे दुसऱ्याच्या संगीतात आपल्या श्वासाला जागा कोणीच ठेवलेली नसते. ती आपण करायची.

श्वास कागदावर लिहा, आणि दोन प्रकारचे लिहा. मोठा स्वल्पविराम म्हणजे इथे घेणारच. कंसातला छोटा स्वल्पविराम म्हणजे गरज पडली तर. कार्यक्रमाच्या दिवशी हृदय जोरात धडधडत असतं, दम घरच्यापेक्षा लवकर संपतो, आणि तेव्हा हे कंसातले श्वासच वाचवतात. बारची रेघ ही श्वासाची जागा नव्हे. नवशिके हमखास तिथेच घेतात, आणि समेवर येण्याआधीच चाल तुटते. लांब स्वराच्या नंतर, उडीच्या आधी, किंवा ओळीची नवी उठावणी जिथून होते तिच्या आधी घ्या. वेळ पुढच्या स्वरातून चोरू नका, मागच्या स्वराच्या शेपटातून चोरा. पुढचा स्वर वेळेवर आला की श्वास कोणाला कळत नाही.

आणि कधी कधी स्वर गाळावा लागतो. त्याला चोरी समजू नका. कुठला स्वर गाळायचा यात मात्र शहाणपण लागतं. बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा, जी मेजरचा, प्रील्यूड घ्या. बेचाळीस बार, आणि मधला एक थांबा सोडला तर शेवटच्या स्वरसंगतीपर्यंत जवळजवळ सगळे सोळावेच. पहिल्या बारमध्ये आठ स्वरांचा एक घाट दोनदा येतो: जी, डी, बी, ए, बी, डी, बी, डी. यात डी तीनदा आहे, बी तीनदा आहे. जी एकदाच, आणि तोच पाया. ए एकदाच, आणि तोच घाटाला हालचाल देतो. म्हणजे जी आणि ए ला हात लावायचा नाही. गाळायचा तो एखादा डी. शेवटचा डी गाळलात तर श्वास बारच्या रेघेवर पडतो आणि दर वेळी धक्का जाणवतो. मी दुसरा स्वर गाळतो. पायाचा जी किंचित लांबवायचा, त्याची घुमारी कानात असतानाच श्वास घ्यायचा आणि बी वर परत यायचं. चेलोवालेही त्या खालच्या स्वरावर जरा रेंगाळतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो श्वास वाटत नाही, बोलण्याची ढब वाटते. मिनिटाला ६६ मात्रांच्या लयीत एक सोळावा पाव सेकंदालाही कमीच पडतो. तेवढ्यात झटकन, तोंड उघडून, आवाज न करता हवा आत ओढायला स्वतंत्र सराव लागतो. वाद्य बाजूला ठेवून नुसता टाळीवर करा.

याच प्रील्यूडमध्ये सप्तकाचाही पेच आहे. शेवटच्या स्वरसंगतीत वरचा जी४ आहे, तेव्हा मूळ सप्तकात तो एफ ट्युबावाल्याचं काम. एक सप्तक उतरलं की चेलोच्या सर्वांत जाड तारेवरचे स्वर थेट ट्युबाच्या तळाला जातात. बी♭ ट्युबावर मी बहुतेक भाग एक सप्तक खाली वाजवतो आणि ती जाड तार जिथे बोलते तेवढ्या ओळी मूळ जागी ठेवतो, घडी सांध्यावर घालून. अखेरची संगती? खालचा स्वर झटकन, मधला त्याला टेकून, आणि वरच्यावर थांबायचं.

जीभ, बोटं, ट्रिल

तारवाद्यांच्या कागदावरचे स्लर, म्हणजे स्वर जोडून वाजवायच्या कमानी, हे गजाच्या हालचालीचे असतात, श्वासाचे नसतात. आठ सोळाव्यांवर एक स्लर असेल तर तो पाळायलाच हवा असं नाही. खर्जात सलग स्लर केलेले जलद स्वर एकमेकांत विरघळतात. दोन स्लर, दोन जिभेने, अशी मांडणी केली तर घाट उमटतो. कुठलीही एक मांडणी घ्या, पण एकसारख्या घाटाला एकसारखीच ठेवा.

जीभही सप्तकाप्रमाणे बदलते. वर 'तू', मध्ये 'तो', तळाला 'दो'. वरचं 'तू' तळाला वापरलंत तर स्वराऐवजी नुसती थाप ऐकू येते. स्टकॅटोचा ठिपका दिसला म्हणून ट्रंपेटइतका तोडू नका. आपला स्वर उमलायला वेळ घेतो, तो उमलण्याआधीच छाटला तर ठिपका नव्हे, धक्का वाजतो. थोडा लांब ठेवा, शेवट गोल करा. ऐकणाऱ्याला तो आखूडच वाटेल.

लय ठरवायची ती पहिल्या ओळीवरून ठरवू नका. सर्वांत अवघड बार शोधा, तो स्वच्छ वाजेल ती लय पकडा आणि तीच पहिल्या ओळीला लावा. आम्ही ट्युबावाले सुरुवात ऐटीत करून पुढे घसरण्यात पटाईत.

चौथा व्हॉल्व्ह असेल तर पहिल्या-तिसऱ्याच्या जोडीऐवजी तोच वापरा, आणि तिन्ही एकदम दाबण्याऐवजी दुसरा-चौथा. त्या जुन्या जोड्या सुराला चढ्या बोलतात, आणि वरच्या वाद्यांच्या चालींत तो चढेलपणा लपत नाही. ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद अदलाबदल, कमी फेऱ्यांची करा. बासरी जिथे दहा फेरे मारते तिथे आपले चार पुरतात, आणि जिथे व्हॉल्व्ह साथच देत नाहीत तिथे ट्रिलऐवजी एक मुरकी घ्या. अर्धवट जमलेल्या ट्रिलपेक्षा नेटकी मुरकी केव्हाही बरी.

साथीदाराशी बोला

याचा विचार फार थोडे जण करतात. चाल दोन-तीन सप्तकं खाली गेली की ती पियानोच्या डाव्या हाताखाली जाते. समजा डावा हात सी३ वर सी मेजरचा पाया धरून आहे आणि चालीचा ई तुम्ही ई२ वर धरला. आता सगळ्यात खालचा स्वर तुमचा, आणि पक्की बसलेली संगती अधांतरी उभी राहते. शेवटच्या बारमध्ये हे झालं तर रचना संपल्यासारखीच वाटत नाही. उपाय दोन. डाव्या हाताला तेवढ्या जागी एक सप्तक खाली जायला सांगा, नाहीतर तुम्ही वर या. शिवाय खालच्या पट्ट्यातल्या दाट संगती आणि ट्युबा एकत्र आले की चिखल होतो. पियानोवाल्याने पेडल कमी करावं, डाव्या हाताचे मधले स्वर गाळावेत. एकदा समोरासमोर बसून पेन्सिलने खुणा करून घ्या, तालमीच्या निम्म्या कटकटी मिटतात.

रियाझ

आर्नल्ड जेकब्ज १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत ट्युबा वाजवत होते. त्यांच्या शिकवणीचा गाभा होता गाणं आणि वारा. उसन्या संगीताला तो अगदी लागू पडतो. चाल आधी गा. गळ्याला सोयीच्या सप्तकात, मोठ्याने, श्वासाच्या खुणा पाळून. मग नुसत्या माउथपीसवर. मग वाद्याच्या मधल्या सोप्या सप्तकात, आणि त्यानंतरच ठरवलेल्या सप्तकात. उलट क्रमाने गेलात तर बोटं स्वर शिकतात, चाल शिकत नाहीत. मूळ वाद्यावरचं वादन ऐका, पण त्याची लय उचलू नका. कुठे श्वास घेतल्यासारखं थांबतात आणि कुठला स्वर उचलतात ते उचला.

सुरुवात गायकीच्या चालींपासून करा. मार्को बोर्दोन्यीच्या व्होकलीझ, म्हणजे शब्दांशिवाय गायच्या चाली, गळ्यासाठी लिहिलेल्या. योहानेस रोशूने त्या ट्रॉम्बोनसाठी उतरवल्या आणि त्याच कागदावरून ट्युबावाले एक सप्तक खाली वाजवतात. दम, ओळ आणि सप्तक बदलून वाचणं, तिन्हींची तालीम एका पानात होते. त्यानंतर व्हॉन विल्यम्सचे इंग्लिश लोकगीतांवरचे सहा अभ्यास, १९२६ चे, मुळात चेलोसाठीचे. पहिले पाच संथ आहेत, म्हणून खाली आणलेले शोभतात. जीभ आणि बोटांसाठी आर्बानची १८६४ ची कॉर्नेटची पद्धत आणि कॉप्राशचे हॉर्नचे अभ्यास. मग मोत्सार्टचा एखादा हॉर्न कन्चेर्टो. बाखचे चेलो स्वीट आणि टेलेमानच्या एकट्या बासरीसाठीच्या बारा फँटसी यांना घाई करू नका. तिथे साथ नाही, विराम नाही, लपायला जागा नाही.

दर आठवड्याला एकदा ध्वनिमुद्रण करा. फोन मांडीजवळ नको, चार-पाच मीटरवर ठेवा. ट्युबाचं तोंड वरच्या बाजूला असतं, त्यामुळे वाजवणाऱ्याला जे ऐकू येतं ते समोरच्याला ऐकू येत नाही. आणि ऐकताना हेडफोन लावा. फोनच्या इवल्या स्पीकरमधून बी♭१ चा पाया येतच नाही, वरचे सूरच ऐकू येतात, आणि मग आपला आवाज पातळ आहे असं समजून माणूस भलताच जोर लावायला लागतो. मुद्रण एकदा कागद समोर ठेवून ऐका आणि जिथे स्वर ओळखू येत नाही तिथे खूण करा. दुसऱ्यांदा कागद उलटा ठेवून ऐका, आणि चाल गुणगुणता येते का ते बघा. खुणा एकाच ओळीत गर्दी करून बसल्या असतील तर बोटांना दोष देण्याआधी ती ओळ एक सप्तक वर वाजवून पाहा.